निळं कुलूप

शनिवारी संध्याकाळी साहेबांसमोर तोंड घेऊन जायची परवानगी कोणालाच नव्हती. जायचंच असेल तर तोंड झाकून जायचं. आमचा स्टोअरकीपर जोजी केरळचा, फुटबॉल त्याच्या रक्तात. तो दारात दिसला की साहेब खुंटीवरचा वेल्डिंगचा मास्क काढून त्याच्याकडे फेकत आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहत. जोजी मास्क घालून आत यायचा, पाना किंवा बोल्ट टेबलावर ठेवायचा आणि मास्कच्या आतून खुसखुसायचा.

"हसू नकोस! हसण्यावरून कळतं मला!" साहेब भिंतीला सांगत.

कारण साधं होतं. साहेबांच्या क्लबची मॅच तिकडे इंग्लंडमध्ये चालू असायची आणि साहेब इकडे ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत ड्यूटीवर. घरी मशीन मॅच रेकॉर्ड करत असे. सहा वाजता सुटायचं, घरी जाऊन चहा करायचा आणि मग पहिल्या मिनिटापासून मॅच बघायची, जणू ती आत्ताच सुरू होते आहे. त्यासाठी दुपारपासून निकाल कानावर येता कामा नये. रेडिओ बंद, टीव्ही बंद. ज्याला निकाल माहीत आहे त्याचा चेहरासुद्धा बंद.

साहेब आयर्लंडचे. वय साठीच्या आसपास, उंच, उन्हाने लालबुंद झालेली मान, आणि तो लाल रंग आपल्या अंगावर आहे याचा त्यांना मनापासून संताप. त्यांचा क्लब निळा. त्याच इंग्रज शहरातला दुसरा क्लब लाल. आमच्या फॅक्टरीत साहेब सेफ्टीचे मुख्य होते आणि मी त्यांच्या हाताखाली परमिट रूममध्ये. कोणीही यंत्राला हात लावायच्या आधी माझ्याकडून लेखी परवानगी घ्यायची, असं ते काम. माझ्यासारख्याला ते बरं मानवलं. मी मुळातच घोर लावून घेणारा माणूस. घराला कुलूप लावून खाली उतरलो की गॅस बंद केला का बघायला परत वर जाणारा. आमची ही म्हणते, तुमच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे प्रत्येक जिना दोनदा चढायचा. साहेबांनी मात्र मुलाखतीतच सांगितलं होतं, "तुला घेतोय ते तुझ्या सर्टिफिकेटांमुळे नाही. तू काळजी करतोस म्हणून."

इंग्रजांनी तुमच्यावर इतकी वर्षं राज्य केलं आणि तुम्ही त्यांच्याच क्लबसाठी जीव टाकता, हे कसं, असं मी त्यांना एकदा विचारलं. साहेब जराही चिडले नाहीत.

"आमच्याकडे शुक्रवारी बोटी भरून माणसं समुद्र ओलांडतात, मॅच बघायला. एकाच बोटीत लाल पण असतात, निळे पण. जाताना एकमेकांकडे बघत नाहीत. येताना जिंकलेले हरलेल्यांना झोपू देत नाहीत."

"पण इंग्रजांचा राग नाही येत?"

"येतो की. वर्षातून दोन-चार वेळा येतो. लालवाल्यांचा रोज येतो."

या रोजच्या रागाचं मूळ त्यांच्या घरातच होतं. त्यांचे वडील त्या इंग्रज शहरात बांधकामावर मजुरीला होते. एका नाताळला घरी आले ते दोन्ही मुलांसाठी लोकरीचे मफलर घेऊन. वडिलांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पोरं भांडू नयेत, आपापला मफलर ओळखता यावा, म्हणून त्यांनी एक लाल घेतला आणि एक निळा. मोठ्याला निळा मिळाला, धाकट्याला लाल. झालं! पुढची पन्नास वर्षं दोघं भांडतच राहिले. माझे काका कुवेतहून यायचे तेव्हा आम्हा भावांना एकाच ताग्यातले दोन शर्ट शिवून आणायचे. साहेबांच्या वडिलांनी तेवढी अक्कल दाखवली असती तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला अनेकदा वाटलं आहे.

लाल रंगाशी त्यांचं वैर विलक्षण होतं. टोमॅटोचा सॉस ते खात, पण बाटलीकडे न बघता. ओमानच्या राष्ट्रीय दिनाला कंपनीत सगळ्यांना झेंड्याच्या रंगाचे पट्टे गळ्यात घालायला देतात, लाल, पांढरा, हिरवा. पहिल्या वर्षी साहेबांनी लाल भाग आत दुमडून घातला. आमच्या गेटवरचा सालेम वयस्कर माणूस, त्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. साहेबांना तो 'अर्बाब' म्हणे, म्हणजे मालक. तो जवळ आला, पट्टा सरळ केला आणि शांतपणे म्हणाला, "अर्बाब, हा लाल आमचा आहे. तुझ्या भावाचा नाही." साहेब ओशाळले. त्यांनी सालेमचा हात दोन्ही हातांत धरून माफी मागितली, आणि पुढे दर वर्षी तो पट्टा ते दिवसभर सरळ घालून हिंडत.

आता कुलपाबद्दल सांगायला हवं, कारण आमच्याकडे साहेबांना सगळे 'कुलूपसाहेब' म्हणत. मोठ्या यंत्राच्या पोटात शिरून माणूस काम करत असताना बाहेरून कोणी चुकून बटण दाबलं तर आतल्याचा चेंदामेंदा होतो. म्हणून आत जाणारा प्रत्येक जण त्या बटणावर स्वतःचं कुलूप लावतो, वर नावाची चिठ्ठी अडकवतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. मालक आला तरी दुसऱ्याने काढायचं नाही. सगळीकडे ही कुलपं लाल असतात. आमच्या साहेबांनी स्वतःपुरतं निळं मागवून घेतलं होतं. त्याची एकुलती एक किल्ली त्यांच्या गळ्यात दोरीला असे.

हे कुलूप त्यांच्या दृष्टीने देवघरातल्या वस्तूसारखं होतं. एकदा एका ठेकेदाराच्या फोरमनने, माणूस जेवायला गेला आहे आणि काम खोळंबलं आहे म्हणून, त्याचं कुलूप कटरने तोडलं. आत कोणी नव्हतं, काही झालंही नाही. साहेबांनी त्याला त्याच दुपारी गेटबाहेर काढलं. तो बिचारा हातापाया पडत होता, चांगल्यासाठीच केलं म्हणून सांगत होता.

"कुलूप तोडणारा प्रत्येक माणूस चांगल्या कारणासाठीच तोडतो," साहेब मला नंतर म्हणाले. "वाईट कारणासाठी तोडतो तो चोर. चोरांनी कारखान्यात माणसं मारलेली मी पाहिली नाहीत."

तर शनिवारी मॅच सुरू व्हायच्या आधी साहेब परमिट रूममध्ये यायचे, स्वतःचा मोबाईल एका लोखंडी पेटीत ठेवायचे, पेटीला निळं कुलूप लावायचे, 'हात लावू नये' अशी चिठ्ठी अडकवायचे आणि साइटवर निघून जायचे. कामाचं बोलायला वॉकीटॉकी होताच. मोबाईलचा धोका एकाच माणसाकडून होता, धाकट्या भावाकडून. लालवाल्यांनी गोल केला की त्याचा फोन. निळ्यांनी गोल खाल्ला की त्याचा फोन. भाऊ तिकडे आयर्लंडमधल्या गावात, बायको वारलेली, मुलगी शिकायला दूर शहरात. त्याला दुसरा उद्योग तरी काय होता?

भाऊ महा इब्लिस. आधीच्या वर्षी त्याने ऑफिसच्या फोनवर निरोप ठेवला, "वादळात घराचं छप्पर उडालं आहे, ताबडतोब फोन कर." मी धावत जाऊन साहेबांना टाकीवरून खाली बोलावलं. साहेबांनी घाम पुसत फोन लावला, आणि पलीकडून भावाने तीन-शून्य, तीन-शून्य असं गाणंच म्हणायला सुरुवात केली. छप्पर जागच्या जागी होतं. साहेबांनी फोन ठेवला, माझे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाले, "इथून पुढे तो काहीही सांगो. काहीही. मला बोलवायचं नाही."

मी हो म्हणालो. काळजी करणाऱ्या माणसाला स्पष्ट नियम मिळाला की किती हलकं वाटतं ते दुसऱ्याला कळायचं नाही.

तो शनिवार फेब्रुवारीतला. वार्षिक शटडाउन चालू होता, प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करण्याचे दिवस. त्यातून त्या दिवशी लाल विरुद्ध निळा, भावाभावांचीच मॅच. आमच्याकडच्या साडेचारला सुरू होणार होती. साहेब सकाळपासून कोणाशी धड बोलत नव्हते. सव्वाचारला येऊन त्यांनी फोन पेटीत ठेवला, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि गेले.

पाच वाजायला पाच मिनिटं असताना पेटी वाजू लागली. लोखंडात फोन थरथरतो तेव्हा टेबलावरचे कपसुद्धा वाजतात. वाजून थांबला. परत वाजला. परत थांबला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी मनात म्हटलं, लालवाल्यांनी गोल केला वाटतं. पाच वाजून दहा मिनिटांनी टेबलावरचा ऑफिसचा फोन वाजला.

आवाज मी लगेच ओळखला. साहेबांचाच आवाज, थोडा बारीक आणि धाप लागलेला.

"माझा भाऊ आहे का तिथे?"

"सर साइटवर आहेत."

"त्याला सांग, मला फोन कर. सिरियस आहे."

"सर, मागच्या वेळी पण तुम्ही सिरियसच सांगितलं होतं," मी म्हणालो.

मग तो हसला. खोकला आणि पुन्हा हसला. "सांगितलं होतं खरं," तो म्हणाला. "शाब्बास. असाच घट्ट राहा." आणि त्याने फोन ठेवला.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. त्या महाबिलंदर माणसाचा डाव मी हाणून पाडला होता आणि त्याने ते कबूल केलं होतं. आमच्या परमिट रूममध्ये प्रत्येक फोन रजिस्टरमध्ये लिहायचा नियम. मी लिहिलं: पाच वाजून दहा, साहेबांचे बंधू, सिरियस आहे म्हणतात, निरोप दिला नाही.

लिहिताना मात्र हात थांबला. 'निरोप दिला नाही' हे शब्द कागदावर बघितल्यावर वेगळेच दिसू लागले. धाप कसली होती? वॉकीटॉकी मी उचलला. ठेवला. परत उचलला. साहेब तेव्हा टाकीच्या टोकावर, खाली आठ माणसं आत काम करत होती. छप्पर आठवलं, खांद्यावरचे हात आठवले. पाच वीसला पेटी पुन्हा वाजली, या वेळी एकदाच, आणि मग एक टिंग असा आवाज झाला. माझ्या मागच्या कपाटात कटर होता. मी त्या कपाटाकडे बघितलंही. चांगल्या कारणासाठीच बघितलं. पण उठलो नाही.

सहाला साहेब आले, कुलूप काढलं, फोन बघितला. "चार वेळा! आणि वर बोलून ठेवलंय काहीतरी. नक्की पुढे आहेत हरामखोर." ते खूश दिसत होते, घाबरलेलेही दिसत होते. फोन बंद करून त्यांनी खिशात टाकला. मी म्हणालो, "सर, त्यांचा इथेही..." त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. "उद्या! उद्या सांग!" आणि गाडी काढली.

पावणेसातला ऑफिसचा फोन परत वाजला. मी अजून तिथेच होतो, रात्रपाळीवाल्याला कागद समजावत. एक तरुण मुलगी बोलत होती, हुंदके आवरून, एकेक शब्द नीट लावून. काकांचा फोन बंद आहे म्हणाली. तिच्या वडिलांना आदल्या दिवशीच छातीत दुखायला लागलं होतं, दुपारी तातडीचं ऑपरेशन ठरलं, ती गाडीने निघाली पण पोचायच्या आतच सगळं संपलं होतं. ते ऑपरेशनच्या टेबलावरच गेले होते.

साहेबांच्या बंगल्यापर्यंत माझी गाडी कशी गेली ते मला आठवत नाही. दोन सिग्नल आणि समुद्राकडे वळणारा रस्ता, एवढंच. वाटेत जोजीचा फोन आला. मी उचलला, आणि मी काही बोलायच्या आत त्याने मॅचचा निकाल ओरडून सांगितला. मला त्याच्याशी काय घेणं होतं! पण कानात शिरलेलं परत काढता येत नाही.

साहेबांनी दार उघडलं. हातात चहाची किटली. आत टीव्हीवर हिरवं मैदान आणि त्यावर स्थिर उभे खेळाडू, सुरू करायचं बटण दाबायचं बाकी. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि झटकन तोंड फिरवलं.

"तुला कळलंय! चेहऱ्यावर दिसतंय! बोलू नकोस!"

"सर, फुटबॉलचं नाही."

"मग तोंड का असं?"

"सर, फुटबॉलचं नाही," मी परत म्हणालो.

साहेब पाठमोरे उभे होते. त्यांनी किटली हळूच खाली ठेवली, जमिनीवरच. मग वळले.

दुसऱ्या दिवशी ते आयर्लंडला गेले आणि तीन आठवड्यांनी परत आले. मला वाटलं होतं ते ओरडतील, रजिस्टर मागतील, मला त्या फोरमनसारखं गेटबाहेर काढतील. ते काहीच बोलले नाहीत. काम तसंच, कुलपं तशीच. शनिवारचा खेळ फक्त बंद झाला. जोजी आता उघड्या तोंडाने यायचा आणि त्यालाच ते कसंतरी वाटायचं. "भाई, मास्क ही अच्छा था," तो मला म्हणाला.

मी साहेबांना सांगितलं नव्हतं. भावाचा फोन ऑफिसवर आला होता, मी त्याच्याशी बोललो होतो, त्याला परतवून लावलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. रोज ठरवायचो आणि रोज टाळायचो. हिला मात्र पहिल्याच रात्री सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नियमाप्रमाणे वागलात, ते बरोबरच. पण अहो, माणसाचा आवाज कळतो ना आपल्याला." पुढे ती तो विषय कधी काढत नसे. तिच्या न काढण्याने मला अधिकच टोचायचं. गावाहून माझ्या भावाचा फोन आला की तेव्हापासून मी काय असेल ते टाकून उचलतो. तो बिचारा विचारतो, इतक्या घाईत का बोलतोस.

ती पेटी साहेबांनी आता घरी नेली होती. बोलून ठेवलेला निरोप त्यांनी ऐकलाच नव्हता. फोन त्यांनी नवा घेतला आणि जुना पेटीत ठेवून त्याला निळं कुलूप लावून टाकलं. मॅचही तशीच, न बघितलेली. जोजीने एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "निरोपात स्कोअर असेल. मॅच बघितल्याशिवाय निरोप कसा ऐकू?" आणि मॅच का बघत नाही, तर बघितली की निरोप ऐकावा लागेल. असे चौदा महिने गेले. चौदा महिने मीही त्या पेटीच्या भीतीत काढले. त्यात भाऊ काय बोलला असेल? नुसता स्कोअर ओरडला असेल तर मी सुटलो. पण 'तुझा तो माणूस फोन देत नाही रे' असं म्हणाला असेल तर?

मग साहेबांचा करार संपला. मॅच रेकॉर्ड केलेलं मशीन कंपनीचं, ते परत करायचं होतं. जायच्या आधीच्या शुक्रवारी त्यांनी मला दुपारी घरी बोलावलं. खोल्या रिकाम्या, खोकी बांधलेली, फक्त टीव्ही, दोन खुर्च्या आणि मध्ये स्टुलावर ती पेटी.

"चार कॉल होते," ते म्हणाले. "शेवटचा पाच वीसचा. म्हणजे हाफटाइमचा. म्हणजे तो जे काही बोललाय ते पहिल्या हाफपर्यंतचंच असणार. तेवढी मॅच बघू आणि मग ऐकू. एकट्याने होत नाही माझ्याने."

आम्ही बघायला लागलो. मला फुटबॉल कळत नाही. मी मैदानापेक्षा कोपऱ्यातलं घड्याळच जास्त बघत होतो. सतरा मिनिटं, एकवीस मिनिटं. पंचविसाव्या मिनिटाच्या सुमारास साहेब पुटपुटले, "पहिला कॉल इथे." लालवाल्यांनी गोल केला, साहेबांनी मांडीवर मूठ आपटली. निळ्यांनी फेडला, तेव्हा ते अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. चाळिसाव्या मिनिटाला मला राहवेना. ती वेळ मला पाठ होती.

"सर, थांबवा. मला सांगायचंय." त्यांनी मॅच थांबवली. "तुमच्या भावाचा त्या दिवशी ऑफिसवर फोन आला होता. सिरियस आहे म्हणाले. मी दिला नाही."

"पाच वाजून दहा," साहेब म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"रजिस्टरमध्ये लिहिलंयस तू. आयर्लंडहून आलो त्याच दिवशी वाचलं. दुसरा कोणी असता तर ती ओळ लिहिलीच नसती, किंवा नंतर खोडली असती. कोणाला कळणार होतं?" ते थांबले. "नियम माझा होता. कुलूप माझं होतं. तुला हे चौदा महिन्यांपूर्वीच सांगायला पाहिजे होतं मी. मला जमलं नाही."

त्यांनी मॅच सुरू केली. एक-एक. शिट्टी वाजली, खेळाडू आत गेले. साहेबांनी गळ्यातली किल्ली काढून कुलूप उघडलं. फोनची बॅटरी कधीच संपली होती. चार्जरला लावून तो चालू होईपर्यंत आम्ही दोघं एका काळ्या काचेकडे बघत बसलो. मला वाटतं माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब पाच मिनिटं. मग त्यांनी बटण दाबलं.

आधी ढकलगाडीच्या चाकांचा आवाज. मग तो बारीक, धाप लागलेला आवाज.

"ऐक, मी आहे. हे लोक मला आत नेतायत, छातीचं काहीतरी शिवायचंय, तासाभराचं काम आहे म्हणतात. तुझ्या ऑफिसात फोन केला होता. तो तुझा माणूस भारी आहे, हलला नाही. त्याला सोडू नकोस. आता ऐक. एक-एक आहे. अरे, सांगून बसलो, सॉरी. नाही, सॉरी नाही. पण पुढचं मला बघता येणार नाही. नर्सला सांगून ठेवलंय, मी उठलो की कोणी स्कोअर सांगायचा नाही. तूही सांगायचा नाहीस. तुला आयुष्यभर छळलं ते मान्य, पण एवढं एकदा कर. मी घरी जाऊन नीट पहिल्यापासून बघणार आहे. सांगू नकोस हं. कळलं ना? सांगू नकोस."

कोणीतरी बाई काही म्हणाली, आणि निरोप संपला.

साहेब रडले. मोठा माणूस रडतो तसे, आवाज न करता आणि नाक पुसायला काही न सापडता. मीही रडलो. टीव्हीवर खेळाडू दुसऱ्या हाफसाठी बाहेर आले होते आणि रांगेत उभे राहत होते. साहेबांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"त्याने बघितली नाही," ते म्हणाले. "मग मी कशी बघू?"

मशीन दुसऱ्या दिवशी परत गेलं. साहेबही गेले.

आता ते त्यांच्या गावात राहतात. गावाला त्यांनी बजावून ठेवलं आहे आणि गाव ऐकतं. बारमध्ये कोणी त्या मॅचचा विषय काढला तर दहा जण त्याला गप्प करतात, त्यात लाल पण असतात, निळे पण. अधूनमधून शुक्रवारी मला फोन येतो. सोहारला किती गरम आहे, सालेम रिटायर झाला का, तुझी मुलगी कितवीत गेली, असं सगळं विचारून झाल्यावर आवाज खाली घेऊन ते म्हणतात, "अजून कोणी सांगितलेलं नाही मला."

"सांगणारही नाही, सर," मी म्हणतो.

त्या दिवशी कोण जिंकलं, की कोणीच जिंकलं नाही, ते मला पक्कं माहीत आहे. हिलाही मी सांगितलेलं नाही. इथेही लिहीत नाही. साहेबांना मराठी वाचता येत नाही हे खरं, पण उगाच धोका कशाला घ्या.